गिटार वर जाणार नाही

त्या घरात बोळाच्या छताखाली एक माळा होता आणि त्याला दोन पांढरी दारं होती. ती दारं एकदा लागली की आतल्या वस्तूचा घरादाराशी संबंध संपला, असं खुशाल समजावं. आईचा रेडिओ तिथं होता. शिवणाचं मशीन तिथं होतं. तिच्या पुस्तकांची खोकी तर "फक्त रंगकाम होईपर्यंत" म्हणून वर गेली होती. रंगकाम झालं, रंग वाळला, त्याला पोपडेसुद्धा धरले, पण खोकी काही खाली आली नाहीत.

आई म्हणजे शिट्टी सिस्टर. एका मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डच्या त्या मुख्य परिचारिका होत्या आणि भेटीची वेळ संपली की खरोखरीची शिट्टी फुंकून नातेवाइकांना बाहेर काढायच्या. भलेभले लोक फळांच्या पिशव्या तशाच टाकून पळायचे. निवृत्त झाल्या, नवरा गेला आणि त्या मुलाकडे राहायला आल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाडांची काळजी घेतल्यावर स्वतःचा उजवा गुडघा मात्र त्यांना ऑपरेशन करून बदलावा लागला. चालता यायचं, जिना उतरता यायचा, पण स्टुलावर चढायचं नाव काढायचं नव्हतं. म्हणजे माळ्यावरचं काहीही हवं असलं की मुलाकडे मागायचं.

"अरे, जरा रेडिओ काढून देतोस?"

"रविवारी काढतो, आई."

मुलगा खोटं बोलत नव्हता. रविवारी काढू असं त्याला मनापासून वाटायचं. पण रविवारी त्याला झोप यायची, नाहीतर बाजार असायचा, नाहीतर मुलीला ताप. दोन-तीनदा विचारल्यावर सिस्टरांना स्वतःलाच कसंसं झालं. आपलीच वस्तू आणि आपणच अजिजी करायची! त्यांनी विचारणंच सोडलं. मुलाला वाटलं, आईला आता रेडिओची आवड राहिली नाही. माणसं असा सोयीचा अर्थ फार पटकन काढतात.

तसा मुलगा वाईट नव्हता. तो एका गोदामाचा प्रमुख होता आणि तिथं त्याचाच नियम चालायचा: ज्या मालाला आठवडाभर कुणाचा हात लागला नाही, तो वरच्या फळीवर, खालची फरशी मोकळी. या नियमामुळे गोदामात कुणी अडखळून पडत नसे आणि साहेब त्याची पाठ थोपटत. मग तोच नियम त्यानं घरी आणला. सुनेची पोळपाटाएवढी जुनी कॅमेऱ्याची पेटी वर गेली, लग्नातले फोटो वर गेले. खरं सांगायचं तर हा गुण त्याला आईकडूनच मिळाला होता. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये चप्पल दिसली तरी सिस्टर ती उचलून खिडकीबाहेर फेकायच्या. आता पेरलेलं उगवत होतं आणि त्यांच्याच पायाशी येत होतं.

गिटारीचं प्रकरण निवृत्तीच्या दिवशी सुरू झालं. वॉर्डातल्या मंडळींनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. सिस्टरांना कुणकुण लागली तशा त्या थेट म्हणाल्या, "घड्याळाकडे बघण्यात माझा जन्म गेला. द्यायचंच असेल तर गिटार द्या." सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत, तेव्हा सगळ्यांचं हसू ओसरलं. पुष्कळ वर्षांपूर्वी वॉर्डात एक पेशंट होता. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनं लावून टांगलेला, आणि दुपारभर तो पोटावर गिटार घेऊन हळू वाजवत पडायचा. सिस्टरांनी पहिल्या दिवशी त्याला झापलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याच्या पायाची वजनं जरा जास्तच वेळा तपासली जाऊ लागली. हे आपल्याला यायला पाहिजे, असं तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि सिस्टरांच्या मनानं एकदा घेतलं की घेतलं.

आता त्या दर शनिवारी क्लासला जात होत्या. तिथं बाकी सगळे शाळकरी होते. रोज सकाळी चहा झाला की गिटार मांडीवर घ्यायची आणि बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत वाजवायची. सुरुवातीला ऐकवत नव्हतं. नंतर थोडं ऐकवायला लागलं. पण गिटार ठेवायची कुठं, हा प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीनं सोडवला आणि तिथंच घोळ झाला.

नवऱ्याच्या आजारपणात घरी आणलेला सलाईनचा स्टँड त्यांच्याजवळ होता. उंच दांडा, वर आकडे, खाली चाकं. सिस्टरांनी गिटारीच्या मानेला क्रेप बँडेज गुंडाळलं, डोळे मिटून बांधता येईल अशी पक्की गाठ मारली आणि गिटार आकड्याला लटकवली. काय डौलदार दिसत होती! त्यांनी दोन पावलं मागं जाऊन तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. इतकी वर्षं याच आकड्यांना बाटल्या टांगल्या, एकदा तरी पडली का? नाही. पण बाटली कुठं आणि गिटार कुठं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपल्या हातातल्या साधनावर माणसाचा नको इतका विश्वास असतो.

एका सकाळी सुनेनं केर काढताना तो स्टँड नेहमीसारखा बाजूला ढकलला. चाक पायपुसण्याच्या कडेला अडकलं, वरचा भार पुढं झुकला आणि स्टँडसकट गिटार फरशीवर आडवी झाली. केवढा तो आवाज! नात रडायला लागली. सून केरसुणी हातात धरून जागच्या जागी थिजली. गिटारीच्या कुशीवर लांब ओरखडा उठला होता आणि तार पिळायची एक खुंटी वाकली होती.

"बांधलेली गाठ सुटली नाही बघ," सिस्टर म्हणाल्या. पण गाठीचं कौतुक करायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

संध्याकाळी मुलानं निकाल दिला. "आई, उद्या ही पोरीच्या अंगावर पडली म्हणजे? पिशवीत घालून वर ठेवूया. तुला वाजवायची असली की मी काढून देत जाईन."

"रविवारी?" सिस्टरांनी विचारलं.

मुलगा जरा चाचरला. "लागेल तेव्हा."

"मला रोज लागते. रोज सकाळी, तुझी दाढी चाललेली असते तेव्हा. अर्धी दाढी टाकून स्टुलावर चढणार आहेस?"

"मग दिवाणाखाली ठेव."

"आणि मी या गुडघ्यानं रोज फरशीवर लोळण घेऊ?"

सून मान खाली घालून नातीला भरवत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, ते तिनं चमच्याआड लपवलं.

"पोरीच्या बाबतीत तुझं खरं आहे," सिस्टर म्हणाल्या. "चूक माझी झाली. तो स्टँड आजच घराबाहेर काढते. पण गिटार वर जाणार नाही. मी तिच्यासाठी धड स्टँड आणते. स्टँड मी निवडणार, जागा मी ठरवणार. त्यावरून एकदा जरी पडली तर मी स्वतः पिशवीत भरून तुझ्या हातात देईन. आणि नाही पडली, तर तिला कुणी हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," मुलगा म्हणाला. ती पुन्हा पडणारच, अशी त्याची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी खुंटी दुरुस्त करून घेऊन सिस्टर वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार दाढीवाला, कानात बाळी, बोलायला गोड. "मावशी, नातवासाठी का?" त्यानं विचारलं.

"माझ्यासाठी. पडणार नाही असा स्टँड दाखव."

त्यानं आधी भिंतीवरचा आकडा काढला. फरशीवर जागा लागत नाही, मुलांचा हात पोहोचत नाही, दिसायला छान. सिस्टरांना तो आवडला. पण घरच्या भिंती त्यांना ठाऊक होत्या. बोटानं ठोकल्या तर रिकाम्या डब्यासारख्या वाजायच्या. "आमच्या भिंतीला दिनदर्शिका टांगली तरी खिळा बाहेर येतो," त्या म्हणाल्या. दुकानदारानं आकडा निमूट परत ठेवला. मग घडीचा एक बुटका स्टँड आला, पिशवीत मावणारा. त्यावर गिटारीचं फक्त बूड टेकायचं, मान मोकळी. सिस्टरांनी पिशवीतून स्वतःची गिटार काढून त्यावर ठेवली आणि मागून कंबरेचा एक हलका धक्का दिला. गिटार पुढं कलली. दुकानदारानं झेप घेऊन ती झेलली आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

"मावशी, काय करताय! फुटेल ना!"

"फुटायची असेल तर इथंच फुटू दे. घरी माझी दोन वर्षांची नात आहे. ती काय विचारून धक्का देणार आहे?"

"मग निदान दुकानातली गिटार ठेवून बघा."

"दुसऱ्याची गिटार पणाला लावून मला काय कळणार?"

मग एक लाकडी आला. गुळगुळीत, देखणा, दिवाणखान्यात शोभेल असा. सून खूश झाली असती आणि मुलानंही नाक मुरडलं नसतं. सिस्टरांचा हात त्यावरून दोनदा फिरला. पण त्यालाही मान धरायला काही नव्हतं. खालून ओढलं की खेळ खलास. त्यांनी तो अगदी जिवावर येऊन बाजूला सारला. शेवटी दुकानदारानं मागून एक काळा, तीन पायांचा, लोखंडी स्टँड आणला. दिसायला अगदीच रुक्ष. खाली दोन हात, वर मानेसाठी एक बेचकं. गिटार बेचक्यात सोडली की तिच्याच भारानं दोन छोट्या दांड्या पुढून मिटायच्या. वर उचलली की आपोआप उघडायच्या. सिस्टरांनी पाय पुरते फाकवले, गिटार अडकवली आणि समोरून ओढली. सुटली नाही. बाजूनं ढकलली. स्टँड डुलला आणि परत जागेवर आला. मग त्यांनी खाली हात घालून नातीच्या उंचीवरून स्टँडचा पाय गदागदा हलवला. गिटार नुसती गुणगुणली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून बघत होती आणि दुकानदारानं हात टेकले होते.

"हा दे," सिस्टर म्हणाल्या.

"दे कसलं, नेऊनच टाका," तो म्हणाला आणि हसला. मग जरा गंभीरपणे त्यानं सांगितलं, "मावशी, एक मात्र ऐका. हे जिथं टेकतं ना, तिथं रबर आहे. काही गिटारींच्या पॉलिशला रबराचं वावडं असतं. महिनोन् महिने टेकून राहिलं की डाग उठतो. तुमच्या पॉलिशला चालेल की नाही ते मी छातीठोक सांगू शकत नाही. वरून सुती कापड गुंडाळा. आणि उन्हात ठेवू नका, लाकूड वाकतं."

"हे मला ठाऊक नव्हतं. बरं सांगितलंस," सिस्टर म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या कापून रबरावर अशा गुंडाळल्या की वॉर्डातल्या शिकाऊ मुलींना दाखवायला न्याव्यात.

आता जागा. त्यांच्या झोपायच्या खोलीत दुपारचं ऊन यायचं आणि उरलेल्या एकुलत्या कोपऱ्यावर दार आपटायचं. स्वयंपाकघराजवळ वाफ. राहता राहिला दिवाणखान्यातला त्यांच्या खुर्चीमागचा कोपरा. दोन बाजूंनी भिंत, ऊन नाही, कुणाची ये-जा नाही. तिथं एक उंच प्लास्टिकचं झाड उभं होतं. त्याला पाणी लागत नसे, पण त्याच्यावरची धूळ मात्र खरी होती. सिस्टरांनी झाड गॅलरीत नेऊन ठेवलं आणि कोपऱ्यात स्टँड उभा केला. खुर्चीत बसल्या, हात मागं नेला, गिटारीची मान हातात आली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दोन-तीनदा उगीचच हात मागं नेऊन पाहिला.

नातीनं त्याच दिवशी परीक्षा घेतली. ती रांगोळी पुसावी तसं घर पुसत फिरणारी पोर. स्टँडच्या पायाला लोंबकळली, तार ओढली, गिटारीच्या पोटावर थापा मारल्या. मुलगा श्वास रोखून बघत होता. काही पडलं नाही. पुढंही पडलं नाही. सून सुरुवातीला म्हणाली होती, "आई, खालून केर कसा काढायचा?" पण स्टँडच्या पायांमधून केरसुणी आरामात जाते हे कळल्यावर तिची तक्रार मिटली. मुलाच्या कपाळाला मात्र येता-जाता त्या कोपऱ्याकडे बघून आठी पडायची. फरशीवर माल उभा होता, तो त्याच्या डोळ्यांत खुपत होता.

मग एका रविवारी त्याचे मोठे साहेब बायकोला घेऊन चहाला येणार असं ठरलं. पहिल्यांदाच. मुलानं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. जेवणं झाल्यावर सिस्टर गुडघ्यासाठी सांगितलेल्या फेऱ्या मारायला खाली गेल्या आणि परत येऊन बघतात तर कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. गिटार नाही. स्टँड घडी होऊन चपलांच्या कपाटामागं. बोळातल्या माळ्याची दारं घट्ट लावलेली आणि खाली स्टूल अजून तसंच.

"पडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. साहेब येतायत ना. दोन तासांचा तर प्रश्न आहे. ते गेले की काढून देतो."

"पडली नाही ना?"

"अगं, पडण्याचा प्रश्न नाही. ते सगळं मध्येच उभं... बरं दिसत नाही."

सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा राग त्यांना नवऱ्याच्या माघारी कशाचा आला नव्हता, आणि रागाखाली भीती होती, ती जास्त वाईट होती. सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, आईंना विचारा म्हणून."  सिस्टरांनी झाड उचललं आणि गॅलरीत ठेवलं. चपलांच्या कपाटामागून स्टँड काढला, पाय फाकवले, कोपऱ्यात उभा केला.

"आई, रिकामा स्टँड कशाला? आणखीनच विचित्र दिसतंय."

"दिसू दे."

"मग गिटार काढून देऊ का? सांग, काढून देतो."

"मी सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "वर ठेवताना मी सांगितलं होतं का?"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

साहेब गोरेगोमटे आणि घाईतले, त्यांच्या बाई शांत आणि चौकस. चहा आला, बिस्किटं आली, गोदामाचं कौतुक झालं. मुलाचा जीव भांड्यात पडायला लागला होता. इतक्यात बाईंचं लक्ष सिस्टरांच्या खुर्चीमागं गेलं.

"काकू, हे काय आहे? शोभेचं आहे का?"

"गिटारीचा स्टँड," सिस्टर म्हणाल्या.

"आणि गिटार?"

"माळ्यावर आहे. तुम्ही येणार म्हणून मुलानं वर ठेवली. माझी आहे. मला वर चढता येत नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. वॉर्डात सकाळच्या फेरीला डॉक्टरांना पेशंटची हकीकत सांगावी, तसं सांगितलं.  साहेबांनी बशीतल्या बिस्किटाचं बारकाईनं निरीक्षण सुरू केलं. मुलाचे कान लालबुंद झाले. मग तो उठला, बोळात गेला, स्टुलाचे पाय फरशीवर कुरकुरले, दारं उघडली. तो गिटार घेऊन आला, पिशवी काढली आणि आईसमोर धरली.

सिस्टरांनी हात पुढं केला नाही. "तिची जागा तिथं आहे," त्या म्हणाल्या.

त्यानं गिटार बेचक्यात अडकवली. छोट्या दांड्या मिटल्या. बाईंना मौज वाटली. "अय्या, आपोआप! काकू, वाजवून दाखवा ना काहीतरी."

"आज नाही," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी वाजवते मी, माझ्यापुरती. पाहुण्यांसाठी ठेवलेली नाही ती." आणि मग, बाईंचा चेहरा पडलेला पाहून, "चहा अजून घ्या, सुनेनं चांगला केलाय," असं अगदी मायेनं म्हणाल्या.

पाहुणे गेले. जाताना साहेब मुलाच्या पाठीवर थाप मारून गेले, पण मुलाला ती जाणवलीसुद्धा नाही. तो दार लावून आला आणि उभा राहिला.

"आई, तू मला त्यांच्यासमोर खाली बघायला लावलंस."

"हो. लावलं."

"दोन तासांसाठी तुला एवढं..."

"बस," सिस्टर म्हणाल्या. तो बसला. "वॉर्डात प्रत्येक खाटेला एक बेल असायची. पेशंटनं दाबली की आम्हाला कळायचं. एखादी म्हातारी बाई वरचेवर दाबायची, पाणी द्या म्हणायची, कूस बदला म्हणायची. मग कुणीतरी कंटाळून ती बेल उशीपासून जरा लांब ठेवायचं. तिच्याच घरचं माणूस, नाहीतर आमच्यातलंच. वाईट कुणीच नसायचं. 'दोन तास शांत झोपेल बिचारी,' म्हणायचे. आणि दोन तासांनी बेल परत जवळ ठेवायची कुणाला आठवण राहायची नाही. सकाळी मी फेरीला गेले की बाई ओल्या चादरीत पडलेली असायची, गप्प. मागायचं बंद केलेलं असायचं तिनं. सगळे म्हणायचे, आता बरी शहाण्यासारखी राहते." त्यांचा आवाज कापला, तो त्यांनी कापू दिला. "मी त्यासाठी माणसांना वॉर्डातून हाकललंय. डॉक्टरांशी भांडलेय. बेल हाताशीच पाहिजे. माझी गिटार माझ्या हाताशी राहील. या घरात मी मागून जगणार नाही. तुझ्याकडेही नाही."

 मुलाला काहीतरी म्हणायचं होतं, मी तसा नाही, असं काहीसं. पण ते सगळेच म्हणत असणार, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला आपल्या आईची, आणि थोडी आपलीही, भीती वाटली. सून आतून आली आणि नवऱ्याशेजारी न बसता सासूच्या खुर्चीजवळ खाली बसली.

सिस्टरांनी हात मागं नेला. मान हातात आली, उचलली, दांड्या उघडल्या, गिटार मांडीवर आली. कुणाची मदत लागली नाही. सकाळ नव्हती, तरी त्यांनी वाजवायला घेतलं. बोट नीट दाबलं गेलं नाही, तार भसाड्या आवाजात खरखरली.

"आई, खालच्या मजल्यावरचे अजून झोपले असतील दुपारचे," मुलगा सवयीनं म्हणून गेला.

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, बोट पुन्हा त्याच जागी ठेवलं आणि तोच चुकलेला सूर आणखी जोरात वाजवला.